सात नंबरचा देव

मी आयुष्यभर घरं बांधली, गोठे बांधले, शाळेच्या खोल्या बांधल्या, एक पाण्याची टाकी बांधली ती अजून गळते. देव मात्र एकच तयार केला, आणि तोही चुकून. बारामती-इंदापूरकडं मला ठेकेदार म्हणणारी माणसं आहेत, मिस्त्री म्हणणारी त्याहून जास्त आहेत, आणि वरकुट्यात मी 'सातोबाचा मिस्त्री' आहे. आमच्या घरात ही हकिगत कुणाला धड शेवटपर्यंत सांगता येत नाही, मधेच हसू फुटतं. म्हणून आता थापी खाली ठेवल्यावर लिहूनच काढतो.

नव्वदनंतरचे दिवस होते. जो तो स्लॅबच्या मागं लागलेला. बारामतीत एका गिऱ्हाइकानं बंगल्याच्या पोर्चला कमान मागितली. म्हणाले, "दगडी दिसली पाहिजे मिस्त्री, पण दगड नको." मी विटांची कमान केली, वरून प्लॅस्टर मारलं, प्लॅस्टर ओलं असतानाच खिळ्यानं रेघा ओढून दगड काढले आणि काळा रंग दिला. गृहस्थ इतके खूश, की पाहुणा आला की त्याला पोर्चमध्ये नेऊन कमानीवर टिचकी मारून दाखवायचे. पाहुणाही माना डोलवायचा. अशा काळात मला खऱ्या दगडाचं काम चालून आलं, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर राहणं शक्यच नव्हतं.

काम होतं वरकुट्याच्या तात्यांचं. तात्या ऊसवाले, कारखान्याचे सभासद, पण जीव सगळा खिलार बैलांत. त्यांच्या घरासमोरचा रस्ता रुंद व्हायचा ठरला, आणि त्यांच्या आज्यानं बांधलेला दगडी गोठा नेमका त्या रुंदीत सापडला. तात्यांनी मला निमगाव केतकीच्या बाजारात गाठलं.

"मिस्त्री, गोठा उचलायचाय."

"पाडायचाय म्हणा की तात्या."

"पाडायचा असता तर तुमाला कशाला बोलावलं आसतं? हितनं उचलायचा आन मळ्यात निऊन ठिवायचा. हाय तसा."

जणू दावं सोडून बैलच न्यायचा होता. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो आणि अर्धा तास नुसता त्या गोठ्याभोवती फिरत राहिलो. काय काम होतं महाराजा. बाहेरून सगळा काळा घडीव दगड. दगडाची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक बाहेरची, एक आतली, मधे बारीक दगडांची भर. या दोघी एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून अधेमधे एक लांब दगड आरपार घालायचा असतो. हल्लीचे लोक तिथं चुकारपणा करतात आणि भिंतीला पोट सुटतं. इथं एकही आरपार दगड चुकवलेला नव्हता. झरोके बाहेरून चार बोटं, आतून हातभर रुंद, म्हणजे वारा आत येईल पण पावसाची झड यायची नाही. जमीन मोरीकडं इतकी हलकी उतरती, की डोळ्याला दिसत नाही, पण गोमूत्राला बरोबर कळतं. दावं बांधायला खुंटी कुठंच नाही; गव्हाणीच्या दगडातच भोक कोरलेलं. दाराच्या दोन्ही बाजूंचे दगड गुरांच्या अंग घासण्यानं इतके गुळगुळीत झालेले, की मीही दोनदा पाठ घासून घेतली. तात्या बघत होते. त्यांनी सरकून मला जागा दिली.

आणि दारावर कमान. तेरा दगडांची. कमानीचं गणित सोपं आहे. खाली लाकडाचा साचा धरायचा, दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे दगड चढवत न्यायचे, आणि अगदी मधे, माथ्यावर, शेवटचा दगड बसवायचा. तो कळीचा दगड. तो बसला की साचा काढून घेतला तरी कमान आपल्या पायावर उभी राहते. तो नसेल तर बाकीचे बारा म्हणजे दगडांचा ढीग.

दार होतं मात्र बुटकं. बैल मान खाली घालून आत शिरायचा आणि माणूस मान वाकवून. हे मला बघायच्या आधीपासून ठाऊक होतं, कारण आमच्या आबांच्या कपाळावर त्या दाराची खूण आहे. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही आता कन्हेरीचे, पण आबांचं लहानपण वरकुट्यातलं. तात्यांच्या वडलांची गुरं त्यांनी राखलेली. पोरवयात भसाभस उंच झाले आणि एका संध्याकाळी गुरांमागून पळत आत शिरताना कमानीला धडकले. रक्त आलं. मालक म्हणाले, "ह्या दारात वाकायला शिक." आबांनी पुढं छप्पन साली दीक्षा घेतली, देव सोडले, वरकुटं सोडलं, आणि कुठल्याच दारात वाकणं सोडलं. मी त्यांना सांगितलं, की तो गोठा मी हलवतोय, तेव्हा त्यांचा हात आपोआप कपाळावर गेला.

"दगूड नीट मोज," एवढंच म्हणाले.

तात्यांचा मुलगा दत्ता आमच्यावर नाराज होता. त्याला जर्सी गायी घ्यायच्या होत्या, डेअरीला दूध घालायचं होतं, आणि त्यासाठी पत्र्याची शेड मारायची होती. दगड क्रशरवाला उचलून न्यायला तयारच होता, खडी करायला. बापलेकांची बोलाचाली पार सकाळचा चहा वेगळा घेण्यापर्यंत गेली, तेव्हा दत्तानं तोड काढली. "पोळ्याला बैल त्या कमानीखालनं भायेर निघालं, तर गोठा ऱ्हाईल. न्हाय निघालं, तर दगूड क्रशरला. मंजूर?"

तात्यांनी लेकाच्या हातावर टाळी दिली आणि माझ्याकडं वळून बघितलं. मीही मान डोलावली. तेव्हा मी इतका चढलेला होतो, की कुणी रायगड उचलायला सांगितला असता तरी मान डोलावली असती.

दगडाच्या कामात माझा जोडीदार हणमंता. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडलेला. तो दगडाला कान लावून शीर, म्हणजे आत लपलेली चीर, ओळखतो आणि माणसाशी शक्यतो बोलत नाही. आम्ही ठरवलं, की गोठा सोडण्याआधी प्रत्येक दगडावर नंबर टाकायचा. पहिल्यांदा चुन्यानं टाकले. एक सर आली आणि सगळे दगड पुन्हा निनावी झाले. मग मी बाजारात ऑइल पेंट आणायला गेलो. दुकानात एकच रंग शिल्लक. शेंदरी. दुकानदार म्हणाला, "मारुतीच्या देवळासाठी मागवला होता, त्यातला उरलाय. पक्का हाय, जायचा न्हाय." मला पक्का रंग हवा होता. मी डबा घेतला. आता माझ्या वाचकांतल्या कुणाच्याही डोक्यात जो प्रकाश पडला असेल, तो तेव्हा माझ्या डोक्यात पडला नाही. आमच्या घरात देव नाहीत, त्यामुळं या बाबतीत मी जरा कच्चा.

गोठा सोडला, ट्रॅक्टरनं दगड मळ्यात नेले, रांगेत मांडले. कमानीचे एक ते तेरा वेगळे काढले. त्यातला सात नंबर म्हणजे कळीचा. तो कुठं गोंधळात जाऊ नये म्हणून मी स्वतः बांधावरच्या लिंबाखाली नेऊन ठेवला. हा दगड वर रुंद आणि खाली निमुळता असतो. नीट उभा राहावा म्हणून मी तो उलटा, रुंद बाजूवर ठेवला. आणि कन्हेरीकडं एक स्लॅब टाकायचा होता म्हणून दोन-तीन दिवस निघून गेलो.

परत आलो तेव्हा लिंबाखाली दहा-पंधरा माणसं. मला वाटलं साप निघाला. जवळ गेलो तर उदबत्तीचा वास. माझ्या सात नंबरवर हळद-कुंकू, पुढं नारळाची करवंटी, लिंबू, जास्वंदीचं फूल. खाली छान बैठा चौथरा रचलेला. चौथऱ्याचे दगड बघितले तर त्यावर माझेच नंबर. उगवतीच्या भिंतीचा अख्खा एक कोपरा देवाच्या बुडाखाली गेला होता.

हणमंता बाजूला उभा होता. "हे काय रं?"

"देव हाय," तो म्हणाला.

"अरं, आपला कळीचा दगूड हाय त्यो. तुझ्यादेखत नंबर टाकला मी."

"ते खरं हाय," तो शांतपणे म्हणाला. "पर माझं चेचलेलं बोट काल बरं झालं."

झालं होतं असं. तिथंच शेजारी सखूआक्काचं शेत. वय साठीच्या पुढं, आवाज तीन शेतांपलीकडं जाणारा. तिची म्हैस आठवडाभर पान्हा चोरत होती. आक्का बांधावरून येता येता लिंबाखाली बघते, तर निमुळत्या डोक्याचा शेंदरी खुणेचा दगड. आदल्या दिवशी इथं काही नव्हतं. तिनं हळद-कुंकू वाहिलं, घरी गेली, धारेला बसली आणि म्हशीनं बादली भरून दिली. मग काय विचारता. उलट्या सातात आक्काला नागाचा फणा दिसला. दुसऱ्या कुणाला गणपतीची सोंड दिसली. त्यावर बराच वाद झाला. शेवटी कुणी तरी मान वाकडी करून वाचलं, की हा तर सात आहे. म्हणजे देवानं आपलं नाव स्वतःच सांगितलं. म्हसोबा असतो, बिरोबा असतो, तसा हा सातोबा.

मी खरं सांगायचा प्रयत्न केला. "आक्का, नंबर मी टाकलाय. बाकीचे दगूड बघा की, आठ हाय, नऊ हाय."

"आसंल," आक्का म्हणाली. "बाकीच्यांनी म्हस दुभती केली न्हाय."



दत्ता मात्र भलता खुशीत. तो रोज सकाळी आंघोळ करून सातोबाला नारळ फोडायला लागला. "देव बसला म्हनल्यावर आपन काय करनार? आता कमान न्हाय व्हायची. क्रशरवाल्याला निरोप धाडतो." तात्यांचं तोंड एवढंसं झालं. ते चौथऱ्यापाशी येऊन बसायचे आणि त्या दगडाकडं बघत राहायचे. त्यांच्या आज्यानं माथ्यावर बसवलेला दगड, आणि त्याला हात लावायची चोरी. एकदा मला म्हणाले, "मिस्त्री, मी ह्याच दगडाखालनं नवरदेव म्हनून बैलगाडीत बसाय गेलोय. आता ह्येच्या पाया पडू का ह्येच्यावर रागावू, तेवढं सांगा." मला पोटातून कळवळा आला आणि त्याच वेळी हसूही येत होतं. मी तोंडावर उपरणं धरलं.

नवा कळीचा दगड घडवायचं ठरवलं. हणमंता तयारच होईना. "सातोबा भायेर बसलाय आन त्येची जागा दुसऱ्याला द्यायची?" कसाबसा तयार केला. दगड बऱ्यापैकी घडला आणि शेवटच्या घावाला चर्रकन दोन तुकडे झाला. आत शीर होती. दुसरा घेतला. त्याचेही दोन तुकडे. दगडाला कान लावणारा माणूस, पण त्याला दोन्ही वेळा ऐकू आलं नाही. तो छिन्नी खाली ठेवून म्हणाला, "आता तुमी घडवा." गावात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी सातोबापुढं नारळांची रांग लागली.

घरी आबांना कळलं. बस कंडक्टरपासून सगळ्यांना कळलं होतं, त्यांनाच कसं कळणार नाही. त्यांनी मला समोर बसवलं. "आमी तेहतीस कोटी सोडलं," ते म्हणाले, "आन तू चौतिसावा करून ठिवलास?" मी खाली मान घातली. वर बघितलं तर आबांचे खांदे हलत होते. आमच्या आईनं दोघांनाही जेवायला वाढायचं सोडून पदर तोंडाला लावला.

पोळा तोंडावर आला. चौथऱ्यात गेलेला कोपरा सोडून भिंती उभ्या राहिल्या होत्या, दाराचे खांब उभे होते, लाकडी साचा तयार होता, आणि माथा रिकामा. शेवटी मी विचार केला, की आक्काशी दगडाची भाषा बोलून उपयोग नाही, म्हशीची बोलली पाहिजे.

"आक्का, सातोबा कुणाला पावला?"

"माझ्या म्हशीला."

"म्हंजी गुरांचा देव."

"व्हय."

"मग त्येला बांधावर उनात का ठिवलाय? गुरांच्या दारावर नको का? आन गोठा झाला न्हाय, तर हे बाकीचं दगूड क्रशरला जात्यात. चौथऱ्याचं बी. दत्तानं निरोप धाडलाय."

आक्कानं दत्ताकडं असं बघितलं, की तो नारळ हातात घेऊन तिथंच थांबला. मग ती दारापाशी गेली, खांबांकडं बघितलं, साच्याकडं बघितलं. "देवाला भिंतीत चिनायचा न्हाय. तोंड भायेर पायजे."

"भायेरच हाय. नंबर भायेरच येतो."

"रंग काढायचा न्हाय."

"निघतच न्हाय त्यो."

"आन तात्याच्या सर्जाची शिंगं बघितल्यास का? वर बाशिंग बांधनार, गोंडं बांधनार. येवढ्याशा दारातनं जाताना देवाला शिंग लागंल. दार वर घे."

तात्या तटकन उठले. आज्याचं दार, त्यात बदल कसा करायचा. "हाय तसा म्हनलो व्हतो मी."

"मग बस हाय तसा," आक्का म्हणाली.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. "घे मिस्त्री. दीड वीत घे. बैलाला बी बरं पडंल." कमानीखाली दोन्ही खांबांवर एकेक थर वाढवायचा, तर दगड कुठले? हणमंतानं फुटलेले दोन दगड आणले. दोनाचे चार तुकडे, इकडं दोन, तिकडं दोन. घासूनपुसून असे बसले, की त्यासाठीच फुटले होते. हणमंता म्हणाला, "बघा, त्यालाच ठावं व्हतं." मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बारा दगड साच्यावर चढले. अख्खं गाव मळ्यात. आक्कानं सातोबाला दुधानं आंघोळ घातली आणि मग विचारलं, "उचलायचा कुनी?"

हणमंता दोन पावलं मागं सरला. देव इतका नवा, की त्याला पुजारी नव्हता. गर्दीतून कुणी तरी हळूच म्हणालं, की मिस्त्रींनी हात लावला तर चालंल का, ते त्यातले न्हाईत. माझ्या कानापर्यंत ते नीट आलं. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. याच गावात आबांना देवळाच्या पायरीला शिवू दिलं नव्हतं, आणि इथं मी स्वतःच्या ब्रशनं केलेला देव मलाच शिवायचा नाही.

आक्का वळली. "कोन बोललं त्ये?" कुणीच बोललं नव्हतं. "त्येनंच नाव ठिवलंय देवाचं. त्येनंच हितं आनून बसवला. आता त्येनं उचलला तर बाटतो व्हय? उचल रं बाबा."

मी सातोबाला कवेत घेतलं. दुधानं बुळबुळीत झाला होता आणि भलताच जड होता. हणमंता धावत आला आणि खालून हात दिला. दोराला बांधला, वर ओढला, मी परांचीवर बसून तो सुलटा केला, निमुळती बाजू खाली, आणि फटीत सोडला. खालून आक्का ओरडली, "आरं, देव उलटा केलास."

"आक्का, इतकं दिवस उलटा व्हता. आत्ता सुलटा झालाय."

आपण रोज देवाच्या पायांना कुंकू लावत होतो की डोक्याला, याचा हिशेब प्रत्येक जण मनात करत होता. मग आक्काच हसायला लागली. तिचं हसू तिच्या आवाजाएवढंच मोठं. पाठोपाठ तात्या, मग सगळा मळा. मी लाकडी मोगरीनं दगडावर ठोके दिले, तेव्हा माझाच हात हसण्यानं हलत होता. साचा काढला. कमान 'कट्' करून केसभर खाली बसली, आणि उभी राहिली. ज्यानं हा आवाज ऐकला नाही त्याला तो समजावून सांगता येत नाही.

सातोबा अजून वर आहे, आणि त्याच्या चौथऱ्याचे दगड उगवतीच्या कोपऱ्यात परत गेले. आक्काची सून दर वर्षी शिडी लावून रंग देते, आणि त्याआधी मला नेमकी छटा विचारून घेते. खाली दत्ताच्या जर्सी गायी उभ्या असतात. उन्हाळ्यात दगडाच्या गारव्यात दूध जास्त निघतं, असं तोच लोकांना सांगतो.

त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी सर्जा आणि त्याचा जोडीदार बाशिंगासकट दारातून बाहेर आले, मान वर ठेवून. शिंग कुठंही लागलं नाही. तात्या पुढं नाचत होते, ढोल वाजत होता, दत्ता वडलांवर गुलाल उधळत होता. आणि बघतो तर गर्दीमागं आबा. 'मी येणार न्हाय' म्हणाले होते, आणि एसटीनं आले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, सगळ्यांच्या वर डोकं.

लोकांनी वाट दिली. जो तो दारात शिरताना सातोबाला हात जोडून वाकत होता. आता आबा काय करतात, म्हणून मी टाचा उंचावून बघायला लागलो. आबा दारापाशी आले. हात कपाळाकडं गेला, मान जुन्या सवयीनं जराशी झुकायला लागली, आणि थांबली. त्यांनी वर बघितलं. कमान त्यांच्या टोपीच्या वर होती. ते तसेच, ताठ, आत चालत गेले.

बाहेर आले. पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर आले. तिसऱ्यांदा आत निघाले तेव्हा तात्यांनी विचारलं, "आबा, काय सांडलंय का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "दार बघतुय."